८२ की ७१? घाटात तापणाऱ्या गाडीला कमी अंशांचा थर्मोस्टॅट

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगडहून फोंडाघाटमार्गे कोल्हापूरला आंब्याच्या पेट्या नेणारी, दहाएक वर्षं जुनी डिझेल गाडी. सपाटीला काटा मध्यावर असतो. एप्रिल-मेमध्ये भरलेली गाडी घाट निम्मा चढली की काटा तांबड्या पट्टीकडे सरकायला लागतो, वर पोचून जरा थांबलं की परत खाली येतो. गाडीत ८२ अंशांचा थर्मोस्टॅट आहे. एक मेकॅनिक म्हणतो, ७१चा टाका. दुसरा म्हणतो, कोकणात थंडी आहे कुठे, थर्मोस्टॅट काढूनच टाका. आणि पुण्याच्या मावसभावाने त्याच्या रीमॅप केलेल्या (ताकद वाढवायला इंजिनच्या संगणकाची सेटिंग बदललेल्या) टर्बो पेट्रोल गाडीत कमी अंशांचा बसवलाय, तो म्हणतो फरक पडतो. तर घ्यावा कुठला?

तुमच्या गाडीत ८२चाच ठेवा. ७१ने घाटातला ताप जाणार नाही, आणि काढून टाकलात तर आत्तापेक्षा वाईट व्हायची शक्यता आहे. दोष बहुधा पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये आहे. का, ते जरा ऐसपैस सांगतो, कारण कमी अंशांचा व्हॉल, म्हणजे थर्मोस्टॅट, टाकायचा सल्ला आपल्याकडे इतका सर्रास दिला जातो की एकदा त्याचा हिशोब मांडलेला बरा.

थर्मोस्टॅट म्हणजे एक पितळेची कुपी, तिच्यात घट्ट भरलेलं खास मेण, मध्ये एक दांडी आणि बाहेरून स्प्रिंग. इंजिनचं पाणी तापलं की मेण वितळून फुगतं, दांडीला रेटा देतं, स्प्रिंग दबते आणि झडप उघडते. पाणी गार झालं की स्प्रिंग झडप परत बसवते. त्यावर छापलेला ८२ हा आकडा फक्त उघडायला सुरुवात कधी होते ते सांगतो. पूर्ण उघडायला पाणी आणखी १२-१५ अंश चढावं लागतं, म्हणजे ८२चा व्हॉल साधारण ९५च्या आसपास पुरता उघडतो. मधल्या टप्प्यात तो सतत थोडा उघडतो, थोडा मिटतो, आणि सपाटीला तुमचा काटा मध्यावर स्थिर दिसतो तो ह्यामुळेच.

घाटात काटा वर जातो तेव्हा पाणी ९५च्या पुढे गेलेलं असतं. म्हणजे व्हॉल केव्हाच पूर्ण उघडलेला असतो. पूर्ण उघडलेला ८२चा आणि पूर्ण उघडलेला ७१चा यांत पाणी सोडण्याच्या बाबतीत फरक काही नाही. आपल्या खारभूमीच्या बांधाला उघाडी असते ना, ओहोटीला आपोआप उघडणारी, तसंच हे. उघाडी उघडली की तिचं काम संपलं. मळ्यातलं पाणी किती भराभर निघेल ते पुढची खाडी किती मोकळी आहे त्यावर. थर्मोस्टॅट इंजिनचं किमान तापमान ठरवतो. कमाल तापमान ठरवतात ते रेडिएटर, पंखा, पाण्याचा पंप आणि रेडिएटरचं टोपण.

यावर हमखास येणारा मुद्दा असा की ७१चा लावला तर इंजिन घाटाच्या पायथ्याशीच अकरा अंश गार असेल, म्हणजे तेवढा वाव जास्त मिळेल. बरोबर आहे, पण तो वाव किती, ते बघू. दहा लिटर पाणी आणि दीडशे किलोचं इंजिन धरलं, तर हा सगळा ऐवज एक अंशाने तापवायला साधारण १०० किलोज्यूल लागतात. घाटात तुमच्या रेडिएटरला न झेपणारी जादा उष्णता समजा सेकंदाला १० किलोज्यूल आहे. म्हणजे दर दहा सेकंदांना एक अंश. अकरा अंशांचा वाव दोन मिनिटांच्या आत संपला. भरलेल्या गाडीला घाट चढायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. काटा वर जाईल तो जाईलच, फक्त दोन वळणं पुढे.

आणि तो वाव तरी खरोखर मिळतो का? रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे पाण्याच्या आणि हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. दुपारी हवा ३५ अंश. पाणी ८२ असेल तर फरक ४७. पाणी ७१वर ठेवायचं म्हटलं तर फरक उरतो ३६. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण ८२वर तो ७१पेक्षा जवळजवळ तीस टक्के जास्त उष्णता फेकतो. गरम पाण्याची जाळी जास्त काम करते, हे ऐकायला उलटं वाटतं, पण आहे तसंच. एसी चालू असेल तर रेडिएटरवर येणारी हवा आधीच त्याच्या पुढच्या एसीच्या जाळीतून, म्हणजे कंडेन्सरमधून, तापून आलेली असते, म्हणजे फरक आणखी कमी. अशा वेळी भरलेल्या गाडीचा ७१चा व्हॉल नांदगाव-कणकवलीच्या सपाटीलाच सताड उघडा पडून राहील, जाळी तिथेच पूर्ण कामाला लागलेली असेल, आणि इंजिन ७१वर नसेलच. पायथ्याशी आलात तेव्हा हाताशी राखीव काही नाही.

पंख्याचंही गणित आहे. ज्या गाड्यांना विजेवर चालणारा पंखा आहे त्यांचा पंखा साधारण ९०च्या पुढे, आपल्या ठरलेल्या तापमानालाच चालू होतो. व्हॉल कुठला आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुमच्या गाडीसारखं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं असेल तर बहुधा पट्ट्यावर फिरणारा क्लच फॅन असतो. त्याच्या नाकावर एक वळी असते, ती रेडिएटरमधून येणाऱ्या हवेच्या गरमीने फिरते आणि मग आतल्या सिलिकॉन तेलामुळे पंखा पकडतो. हवा कमी गरम आली तर पंखा पकडतोही उशिरा. म्हणजे कमी अंशांचा व्हॉल टाकून तुम्ही त्याच पंख्याला झोप काढायची सवलत देता.

आता दुसरा सल्ला, काढून टाकण्याचा. हा पहिल्यापेक्षा वाईट आहे, आणि देणारे छातीठोकपणे देतात. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली आणखी एक चकती असते. वरची झडप उघडली की ही खालची चकती बायपासचं भोक बंद करते. गार इंजिनमध्ये पाणी त्या भोकातून इंजिनच्या इंजिनमध्येच फिरतं, गरम झाल्यावर ते भोक बंद होऊन सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. व्हॉलच काढून टाकला की बायपास कायमचा उघडा. पाणी सोपी वाट धरतं. बराचसा भाग रेडिएटरला न भेटताच पुन्हा पंपात येतो, आणि घाटात गाडी आधीपेक्षा लवकर तापते. मग त्याच मेकॅनिकचा निष्कर्ष निघतो की हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेलं असणार.

याचं कारण म्हणून एक समजूत ऐकवली जाते की थर्मोस्टॅट नसला की पाणी इतकं जोरात धावतं की रेडिएटरमध्ये गार व्हायला त्याला वेळच मिळत नाही. हे मला पटत नाही. पाणी जोरात धावलं तर एका फेरीत कमी गार होतं, पण फेऱ्याही तेवढ्याच जास्त होतात, आणि एकूण उष्णता जास्तच बाहेर पडते. खरी कारणं दोन. एक वर सांगितलेला बायपास. दुसरं असं की थर्मोस्टॅटच्या अडथळ्यामुळे ब्लॉक आणि हेडच्या आत पंपाचा दाब टिकून राहतो. तो दाब नसला की एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास, जिथे धातू सगळ्यात तापलेला असतो, तिथे पाण्याला बुडबुडे फुटायला लागतात. काट्याला ते कळत नाही.

आणि कोकणात थंडी नाही म्हणून व्हॉल नको, हे तर मुळातच चुकीचं आहे. व्हॉल बाहेरच्या थंडीसाठी नसतो. इंजिनला स्वतःला ८०-९० अंश हवे असतात. त्याखाली डिझेल नीट जळत नाही, सिलिंडरच्या भिंतींवर ओल धरते, ती तेलात उतरते, रिंगा आणि लायनर लवकर झिजतात. आपल्याकडचं रोजचं चालणं आठवा: घरापासून बाजार तीन-चार किलोमीटर, तिथे तासभर उभी, परत घरी. पावसाळ्यात २५ अंशांची हवा आणि जाळीवर सतत पाणी. अशा वापरात ७१चा व्हॉल असलेलं किंवा व्हॉलच नसलेलं इंजिन कधी तापतच नाही. तेल ओतायचं झाकण उघडलं की आतून पांढरट, दह्यासारखा मळ दिसतो. तो दिसला की लोक हेड गॅस्केटच्या नावाने घाबरतात, पण कित्येकदा ते नुसतं कधीच न तापलेलं तेल असतं.

कॉमन रेल गाड्यांत आणखी एक भानगड. इसीएमला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, पाण्याचं तापमान सेन्सरवरून कळत असतं. इंजिन अजून गारच आहे असं त्याला वाटत राहिलं तर तो डिझेल आणि त्याची वेळ त्याच हिशोबाने ठेवतो, ॲव्हरेज पडतं. बऱ्याच गाड्यांत पी ०१२८ हा कोड पडून चेक इंजिनचा दिवा लागतो. त्याचा अर्थच असा की पाणी थर्मोस्टॅटच्या तापमानापर्यंत पोचत नाही. एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ डिझेलवाल्यांनी तर हा प्रयोग करूच नये. सायलेन्सरमधला डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी, स्वतःला जाळून साफ करतो तो इंजिन पुरेसं गरम असेल तरच. गार इंजिनवर तो काजळीने भरत जातो, आणि ते बिल थर्मोस्टॅटच्या बिलासारखं नसतं.

मावसभावाचं म्हणाल तर तो खोटं बोलत नाही. टर्बो पेट्रोल इंजिन रीमॅप केलं की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोल आपोआप पेटून इंजिन खडखडण्याचा, धोका वाढतो. नॉकिंग ऐकू आलं की इसीएम स्पार्क मागे घेतो आणि ताकद जाते. हेड आणि सिलिंडरच्या भिंती काही अंश गार असल्या तर स्पार्क थोडा पुढे ठेवता येतो. तिथे कमी अंशांच्या व्हॉलला खरा अर्थ आहे, पण मॅपमध्ये तसा बदल केला असेल आणि पंखा चालू व्हायचं तापमानही खाली आणलं असेल तर. पंखा ९५ला चालू होणार असेल तर ट्रॅफिकमध्ये पाणी ९५लाच जाणार, व्हॉल कुठलाही लावा. तुमच्या डिझेलला हा मुद्दा लागूच नाही. डिझेलला गरम भिंती आवडतात.

दुसरी रास्त जागा जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांची. त्या काळच्या कंपन्या हवामानानुसार वेगवेगळे व्हॉल देत असत. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या पुस्तकात गरम देशांसाठी ७४, एरवी ८२ आणि थंड देशांसाठी ८८ अशी सोय होती. तिचं इंजिन बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीजचं, म्हणजे आपल्या जुन्या ॲम्बॅसेडरच्या १४८९ सीसी इंजिनचंच भावंड. अशी गाडी कुणी हौसेने ठेवली असेल आणि मेमध्ये पेट्रोलची वाफ होऊन लाइन अडत असेल, तर ७४चा जरूर लावावा, कारण बनवणाऱ्यानेच तो दिलेला आहे. माझा नियम एवढाच आहे: कंपनीच्या पार्ट लिस्टमध्ये त्या इंजिनासाठी दोन आकडे असतील तर खालचा घ्यायला हरकत नाही. एकच आकडा असेल तर तोच. आजकालच्या काही युरोपीय गाड्यांत तर मेणात छोटा हीटर असतो आणि इसीएम लोड बघून तो व्हॉल लवकर किंवा उशिरा उघडवतो. त्यांना आकडा बदलणं म्हणजे नसती उठाठेव.

मग तुमची गाडी का तापते? लक्षणं नीट बघितली तर अर्धं निदान तिथेच होतं. जी गाडी उभी असताना, पेट्या उतरवताना किंवा वाशीच्या गर्दीत तापते आणि चालायला लागली की सुधारते, तिचा पंखा संशयित. जी सपाटीला ठीक आणि लोडवर तापते, तिच्या जाळीची ताकद कमी झालेली असते, नाहीतर पंप पाणी पुरवत नसतो. जी मोकळ्या हायवेलाही एकसारख्या वेगात तापते, तिची जाळी आतून चोंदलेली असते किंवा खालचा होज पाइप आतली स्प्रिंग गंजून गेल्यामुळे ओढीने चपटा होत असतो. तुमची गोष्ट मधल्या प्रकारातली आहे.

पण त्याआधी काट्यावर किती विश्वास ठेवायचा ते सांगतो. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम आळशी ठेवलेला असतो. पाणी ७५ असो की १०५, तो मध्यावरच दाखवतो, म्हणजे मालक उगीच घाबरत नाही. तो मध्यावरून हलला याचा अर्थ पाणी खरोखर तापलेलं आहे. म्हणून ओबीडी सॉकेटला (तपासणीचं यंत्र जोडायच्या जागेला) लावायचं एक साधं ब्लूटूथ यंत्र घ्या, मोबाइलवर पाण्याचं तापमान आकड्यांत बघा आणि एक फेरी शेजारी बसलेल्या माणसाला पायथा, मधली वळणं आणि माथा इथले आकडे लिहून ठेवायला सांगा. हा कागद घेऊन कुठल्याही मेकॅनिककडे गेलात तर अंदाजपंचे पार्ट बदलणं थांबेल.

आता जाळी. समुद्रकाठच्या गाड्यांची जाळी आणि घाटमाथ्यावरच्या गाड्यांची जाळी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. खारा वारा ॲल्युमिनियमच्या बारीक पाकळ्या आतून खातो. वरून पाहिलं तर जाळी अख्खी दिसते, पण पाकळीवर नखाने हलकेच दाबलं की पांढरी पूड होऊन गळते. त्याहून फसवी अवस्था म्हणजे पाकळ्या आहेत, पण नळीला धरलेला त्यांचा सांधा सुटलाय. नळीतली उष्णता पाकळीपर्यंत जातच नाही. अशी जाळी धुऊन, केमिकल घालून, रॉडिंग करून (नळ्यांतून सळ्या घालून) सुधारत नाही. ती बदलायची. आणि बदलताना दुकानदाराने सर्वांत स्वस्त दाखवली तर तिची जाडी आणि नळ्यांच्या रांगा जुनीशी ताडून बघा. बाहेरचं माप तेच ठेवून आतली एक रांग कमी केलेला माल बाजारात असतो.

पाकळ्या शाबूत असतील तर दुसरा संशय चिखलावर. पावसाळ्यात जांभ्याचा तांबडा चिखल उडतो, भातकापणीनंतर गवताची कुसळं येतात, आणि हे सगळं जाऊन बसतं एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत. पुढून बघाल तर कंडेन्सर चकाचक. मागे रेडिएटरवर गोधडीसारखा थर. पुढून पाणी मारून तो निघत नाही, आणखी आत बसतो. वरची पट्टी सोडवून दोन्ही जाळ्या वेगळ्या करायच्या आणि इंजिनच्या बाजूने पुढे, साध्या पाइपच्या बेताच्या धारेने धुवायचं. जेट वॉशरवाल्याला तिथे हात लावू देऊ नका, पाकळ्या आडव्या होतात आणि मग हवाच जात नाही. दर वर्षी दिवाळीनंतर एकदा आणि आंब्याच्या आधी एकदा हे करणाऱ्यांच्या गाड्या मी घाटात अडकलेल्या फारशा पाहिलेल्या नाहीत. त्याच वेळी पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं बघा. ते फुटलेलं किंवा कधीतरी काढून ठेवलेलं असेल तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच हवा घुसळत बसतो. पुढे हौसेने लावलेले बंपर गार्ड, जादा दिवे, देवाच्या नावाची मोठी पाटी, हे सगळं घाटात कमी वेगाला हवा अडवतं. पाटी वर काचेवर लावा.

क्लच फॅनची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद आणि गार असताना पंखा हाताने फिरवा. थोडा जड, चिकट असा फिरून थांबला तर ठीक. मोकळा गरगरत राहिला, किंवा मध्यावर तेलाचे ओघळ दिसले, तर क्लच गेला. चांगला क्लच फॅन घाटात तापल्यावर मोठ्याने घोंघावतो, ट्रकसारखा आवाज येतो. तो आवाज तुम्ही बऱ्याच दिवसांत ऐकलाच नसेल तर विचार करा.

टोपणाकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब बारमध्ये. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं. ०.९ बारचं टोपण ते सुमारे ११८पर्यंत उकळू देत नाही, कूलंट असेल तर आणखी काही अंश वर. टोपणाचं रबर कडक झालं की हा सगळा वाव गेला, आणि ठणठणीत इंजिनसुद्धा घाटात बाटलीतून वाफ फेकायला लागतं. काही शे रुपयांची वस्तू आहे, शंका असेल तर बदलून टाका, पण आकडा तोच घ्या. जास्त दाबाचं टोपण लावून जुने पाइप आणि जाळीच्या प्लास्टिकच्या टाक्या फोडून घेणारे पुष्कळ आहेत.

पाणी कुठलं घालता तेही सांगा. खाडीकाठच्या विहिरी मेमध्ये खारट होतात हे तुम्हाला मी सांगायला नको. ते मीठ ॲल्युमिनियमला बारीक बारीक छिद्रं पाडतं. रस्त्यात अडलात तर मिळेल ते पाणी घालून गाडी घरी आणा, पण मग ते सगळं काढून साफ करून नवं कूलंट भरा. तयार मिश्रण नसेल तर कूलंटमध्ये बॅटरीत घालायला मिळतं ते शुद्ध (डिस्टिल्ड) पाणीच मिसळा. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको असं म्हणणारेही आहेत. तो गंजापासून बचावासाठी असतो आणि उकळबिंदू वाढवायला. उलट निव्वळ कूलंट घट्ट ओतणंही चूक, कारण उष्णता वाहून न्यायला पाणीच जास्त चांगलं. कंपनीने दिलेलं प्रमाण पाळा आणि कूलंट एक-तृतीयांशाच्या खाली जाऊ देऊ नका. हिरवं, लाल, निळं अशी सरमिसळ नको.

हे सगळं ठीक असूनही पाणी हळूहळू कमी होत असेल आणि गळती कुठेच दिसत नसेल, तर हेड गॅस्केटची तपासणी करावी लागेल. सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा पाइप दगडासारखा टणक होतो का बघा. पाणी अजून तापलेलं नसताना आलेला तो दाब सिलिंडरमधल्या गॅसचा असतो. खात्रीसाठी निळं रसायन असलेली नळी टोपणाच्या जागी धरून तपासतात, जळालेला गॅस आत येत असेल तर निळ्याचं पिवळं किंवा डिझेलला हिरवट होतं.

थर्मोस्टॅट खराबच असू शकत नाही असं नाही. दहा वर्षांत एकदा बदलणं वाजवीच आहे. तो न खोलता तपासायचा तर सकाळी गाडी सुरू करून वरच्या पाइपवर हात ठेवा. बराच वेळ तो गार राहिला आणि काटा मध्यावर आल्यावर एकदम गरम झाला तर व्हॉल ठीक. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर व्हॉल उघडा अडकलाय किंवा कुणीतरी आधीच काढलाय. काटा वर आणि पाइप गारच, तर बंद अडकलाय. काही इंजिनांत तो खालच्या पाइपाच्या बाजूला असतो, तिथे खालचा पाइप बघायचा. खोलून तपासायचा तर भांड्यात पाणी घेऊन व्हॉल दोरीने मधोमध लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर सोडा आणि मंद आचेवर तापवा. कधी उघडायला लागतो आणि उकळत्या पाण्यात किती मिलिमीटर उघडतो, दोन्ही लिहून घ्या. दुसरा आकडा पहिल्याहून महत्त्वाचा. अर्धवट उघडणारा ८२चा व्हॉल घाटात जाळीला पाणीच देत नाही, आणि मग नवा ७१चा टाकल्यावर गाडी सुधारली की श्रेय ७१ला मिळतं. खरं तर नव्या ८२नेही तेच झालं असतं.

नवा घेताना जुना हातात घेऊन जा. चकतीचा व्यास, उंची, खालच्या बायपास चकतीची लांबी, सगळं जुळलं पाहिजे. दुकानात मिळणारा ७१चा पुष्कळदा दुसऱ्याच इंजिनाचा असतो. वरून बसतो, पण त्याचा खालचा पाय आखूड असल्यामुळे बायपास बंद होत नाही, म्हणजे काढून टाकल्यासारखंच.

मधल्या काळात पेट्या न्यायच्याच असतील तर घाट पहाटे चढा, एसी बंद ठेवा आणि तिसऱ्या गिअरला इंजिन दमवत नेण्यापेक्षा दुसऱ्यात थोडं जास्त फिरू द्या. पट्ट्यावरचा पंखा आणि पंप इंजिनच्या वेगाच्या प्रमाणात फिरतात. काटा चढायला लागला तर सुरक्षित जागा बघून थांबा, हीटर पूर्ण उघडा आणि इंजिन १२०० ते १५०० फेऱ्यांवर चालू ठेवा. तांबड्यात गेला किंवा वाफ दिसली तर मात्र लगेच बंद. गरम टोपण उघडायचं नाही, आणि तापल्या इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही, हेड तडकतं.

व्हॉल बसवताना त्याच्या चकतीवर एक बारीक भोक आणि त्यात डुगडुगती पिन असते, ती वरच्या अंगाला आली पाहिजे, म्हणजे अडकलेली हवा तिथून निघते. पाणी सावकाश भरा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा, नसेल तर गाडीचं तोंड चढाला लावून टोपण उघडं ठेवून, हीटर चालू करून इंजिन चालवा. व्हॉल उघडला की पाण्याची पातळी एकदम खाली जाईल, तेव्हा परत भरा. घाटात जायच्या आधी गावातच एक फेरी मारा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना बाटलीतली पातळी बघा. ती खूण सोडून खाली गेली असेल तर हवा अजून आत होती. भरा आणि पुन्हा एक सकाळ बघा.